बारा तासांची शिफ्ट, चोवीस तासांचं मन

१९५०च्या दशकात दिलीपकुमार एकामागून एक शोकांत भूमिका करत होते. पडद्यावर हरणारा, झुरणारा, शेवटी मरणारा नायक शूटिंग संपलं तरी त्यांची पाठ सोडेना. तेव्हा त्यांनी लंडनमधल्या एका मानसोपचारतज्ज्ञाला गाठलं. सल्ला साधा होता: काही काळ या भूमिका थांबवा, हलकंफुलकं काही करा. त्यांनी तो मानला. १९५५ साली ‘आझाद’ आला, १९६० साली ‘कोहिनूर’. तलवारबाजी, वेषांतरं, गाणी, धमाल. लोकांना दोन्ही आवडले. पुढे आत्मचरित्रात दिलीपकुमारांनी हा सगळा प्रकार काहीही आडपडदा न ठेवता सांगितला.

हा किस्सा एरवी ‘अभिनेता भूमिकेत किती बुडाला होता’ हे सांगण्यासाठी वापरला जातो. त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. डॉक्टरांनी माणूस बदलायला सांगितलं नाही, काम बदलायला सांगितलं. आणि दिलीपकुमारांना ते जमलं, कारण कोणतं काम घ्यायचं हे ठरवण्याची ताकद त्यांच्या हातात होती. त्याच सेटवरच्या लाइटमनला, मेकअप दादाला, तिसऱ्या असिस्टंट डिरेक्टरला असाच त्रास झाला असता तर तो काय बदलणार होता?

सिनेमा-मालिकांच्या दुनियेतलं नैराश्य, चिंता, व्यसन हे विषय निघाले की आपण पटकन म्हणतो, ‘कलावंत मनस्वीच असतात.’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्यामुळे प्रश्न माणसाच्या स्वभावावर ढकलला जातो. प्रत्यक्षात या धंद्यातला बराचसा मानसिक त्रास कामाच्या रचनेतून येतो: कामाचे तास, पैसे मिळण्याची पद्धत, दोन कामांमधली पोकळी, सतत होणारी पारख आणि सत्तेची उतरंड. ही रचना माणसांनीच केली आहे, तेव्हा ती बदलताही येते.

पडद्यावर न दिसणारी माणसं

चित्रपटसृष्टी म्हटली की पाचपंचवीस चेहरे डोळ्यांसमोर येतात. पण मुंबईतल्या कामगारांच्या शिखर संघटनेचा, म्हणजे फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइजचा, सदस्यसंख्येचा दावा सुमारे पाच लाखांचा आहे. लाइटमन, स्पॉट दादा, सेटिंगवाले, सुतार, रंगारी, ड्रेसवाले, हेअर ड्रेसर, साउंड रेकॉर्डिस्ट, एडिटर, नर्तक, फायटर, ज्युनिअर आर्टिस्ट अशा तिसेक कारागिरींच्या संघटना या फेडरेशनखाली येतात. मानसिक आरोग्याची चर्चा चेहऱ्यांभोवती फिरते. त्रास मात्र या सगळ्यांत वाटला गेलेला असतो.

तो किती असू शकतो, याचा एक ठोस अंदाज ब्रिटनमध्ये घेतला गेला. तिथे २०१७ साली एका लोकेशन मॅनेजरने जीवन संपवलं. मदतीसाठी कोणाकडे जावं हे या क्षेत्रात कळत नाही, अशी खंत त्याने मागे ठेवलेल्या पत्रात होती. त्यानंतर ‘फिल्म अँड टीव्ही चॅरिटी’ या संस्थेने २०१८ मध्ये चोवीस तास चालणारी हेल्पलाइन सुरू केली आणि २०१९ मध्ये मोठं सर्वेक्षण केलं. त्याला नऊ हजारांहून अधिक लोकांनी उत्तरं दिली. आयुष्यात कधी ना कधी मानसिक त्रास झाला, असं सांगणारे ८७ टक्के निघाले. ब्रिटनच्या सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण ६५ टक्के होतं. अशा सर्वेक्षणाला ज्यांना त्रास आहे तेच जास्त उत्साहाने उत्तरं देतात, हे धरलं तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शिवाय त्रासाची कारणं विचारली तेव्हा लोकांनी आपल्या हळव्या स्वभावाकडे बोट दाखवलं नाही. कामाचे तास, दादागिरी आणि उद्याची अनिश्चितता, हीच उत्तरं पुन्हा पुन्हा आली.

‘बघू, सीन संपले की’

दैनंदिन मालिकेचं गणित समजून घेतलं की तासांचा प्रश्न उलगडतो. आठवड्याला सहा भाग जायचे, कधी सातही. मधेच रविवारी तासाभराचा महाएपिसोड. चॅनलला हातात चार-पाच भागांची ‘बँक’ हवी असते. पण टीआरपी पाहून कथानक बदलतं, नवा ट्रॅक येतो, लिहिलेले सीन रद्द होतात आणि बँक रिकामी होते. मग आज चित्रित झालेला सीन उद्या-परवा प्रसारित, अशी पाळी येते. संवादांचे कागद सेटवर, मेकअप चालू असताना हातात पडतात. लेखक पहाटेपर्यंत लिहीत असतो, एडिटर पहाटेपर्यंत कापत असतो.

शिफ्ट कागदावर बारा तासांची. घोडबंदर रोडवरच्या बंगल्यात, मढला, नायगावला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत सकाळी नऊची शिफ्ट असेल तर नायिकेचा कॉल टाइम साडेसातचा असतो, कारण नऊवारी, दागिने, केस यांतच तास-दीड तास जातो. तिच्या आधी मेकअप दादा आणि हेअरताई हजर हव्यात. लाइटमन त्याहून आधी येतो आणि पॅकअपनंतर केबल गुंडाळून सगळ्यांच्या शेवटी निघतो. तो राहतो विरारला किंवा डोंबिवलीच्या पुढे. म्हणजे बारा तासांत प्रवासाचे चार तास मिळवायचे. घरून फोन येतो, ‘आज किती वाजेपर्यंत?’ उत्तर ठरलेलं: ‘बघू, सीन संपले की.’

या उत्तरात ताणाचं सगळं शास्त्र आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाचं एक प्रारूप मांडलं. नुसतं काम जास्त असल्याने माणूस तितकासा मोडत नाही. मागणी जास्त आणि नियंत्रण कमी, या जोडीने तो मोडतो. दिग्दर्शकावरही प्रचंड ताण असतो, पण पुढचा शॉट कधी घ्यायचा हे तो ठरवतो. लाइटमनला, ज्युनिअर आर्टिस्टला, असिस्टंटला आपला जेवणाचा ब्रेक कधी होणार हेही ठाऊक नसतं. जिथे हुकूम जास्त आणि हातात काहीच नाही, तिथे चिंता आणि नैराश्य यांचा धोका वाढतो, हे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं.

दुसरं शास्त्र झोपेचं. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढासळतो, असं प्रयोगांत आढळलं आहे. भारतात गाडी चालवण्यासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे लांबलेल्या शिफ्टनंतर स्वतः गाडी चालवत घरी जाणारा माणूस थेंबभर न पिताही नशेत असल्यासारखा असतो. अमेरिकेत १९९७ साली ‘प्लेझंटव्हिल’ या चित्रपटाच्या चित्रीकरणावरून एकोणीस तासांचा दिवस संपवून घरी निघालेला कॅमेरा असिस्टंट ब्रेंट हर्शमन गाडी चालवताना झोपला आणि अपघातात गेला. पस्तीस वर्षांचा होता. ख्यातनाम छायाचित्रकार हास्केल वेक्सलर यांनी या विषयाचा पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये ‘हू नीड्स स्लीप?’ हा माहितीपट केला.

झोप आणि मन यांचं नातं दुतर्फा आहे. नैराश्यात झोप बिघडते हे आपल्याला माहीत असतं. झोप सतत बिघडवली तर नैराश्याचा धोका वाढतो, हे कमी लोकांना माहीत असतं. आज दिवसाची शिफ्ट, उद्या रात्रीची, परवा आउटडोअर पहाटे चारला, असं वेळापत्रक शरीराच्या घड्याळाला स्थिरच होऊ देत नाही. त्यात रात्री दोन वाजता डोळ्यांवर प्रखर लाइट. मेंदूला रात्र झाल्याचा निरोपच मिळत नाही. मग पॅकअपनंतर झोप यावी म्हणून दोन पेग किंवा गोळी, सकाळी जाग यावी म्हणून चहावर चहा, सिगरेटवर सिगरेट. व्यसन म्हणून आपण ज्याची निंदा करतो, त्याची सुरुवात पुष्कळदा अशी वेळापत्रकात असते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त. बारा तासांच्या सहा शिफ्ट म्हणजे ७२ तास. २०२५ मध्ये दीपिका पदुकोणच्या आठ तासांच्या अटीवरून मोठा गदारोळ झाला, तेव्हा चर्चा ‘नखरे की हक्क’ यावर अडकली. या आकड्यांच्या उजेडात पाहिलं तर तो प्रश्न सरळ आरोग्याचा होता. आणि अशी अट घालण्याची ऐपत ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी तो अधिकच निकडीचा आहे.

नव्वद दिवसांनी येणारा चेक

तासांच्या खालोखाल, काहींच्या मते तासांच्याही आधी, येतो पैसा. मालिकांच्या दुनियेत कलाकाराला केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची पद्धत रूढ आहे. जानेवारीत केलेल्या कामाचा चेक एप्रिलअखेरीस. तोपर्यंत घरभाडं, दवाखाना, मुलांची फी, ऑडिशनला जाण्याचं पेट्रोल स्वतःच्या खिशातून. नव्वदचे एकशेवीस झाले तरी विचारायची चोरी. ‘जास्त कटकट करतो’ असा शिक्का बसला तर पुढचं काम गेलं. निर्मातासुद्धा पुष्कळदा चॅनलकडून येणाऱ्या पैशांची वाट पाहत बसलेला असतो, म्हणजे उसनवारीची साखळीच असते आणि तिचं शेवटचं टोक सर्वांत दुबळ्या माणसाच्या हातात.

योहानेस सिग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये मांडलेला विचार इथे नेमका लागू पडतो. माणूस कामात जे ओततो आणि त्याला बदल्यात जे मिळतं, यांचा तोल बिघडला की ताण आजारात बदलू लागतो. ‘मिळतं’ यात तीन गोष्टी येतात: पैसा, मान आणि उद्याची शाश्वती. फिल्म लाइनमध्ये पहिला उशिरा येतो, दुसरा लहरीवर अवलंबून असतो आणि तिसरी नसतेच. इथे प्रत्येक पॅकअप म्हणजे काही लोकांसाठी बेरोजगारीची सुरुवात असते. मालिका अचानक बंद झाली की सत्तर-ऐंशी घरांचं उत्पन्न एका फोनवर थांबतं. कर्जासाठी बँक पगाराची स्लिप मागते, ती नसते. घरमालक ‘नोकरी कुठे?’ विचारतो, तेव्हा दहा वर्षं काम केलेला माणूसही गडबडतो.

ही अशाश्वती किती खोल आहे ते कोविडने उघडं केलं. १९ मार्च २०२० पासून चित्रीकरण थांबलं आणि रोजंदारीवरच्या हजारो कामगारांची चूल संघटनांनी, काही कलाकारांनी वाटलेल्या शिध्यावर आली. मे अखेरीस राज्य सरकारने चित्रीकरणाला सशर्त परवानगी दिली, तेव्हा ६५ वर्षांवरील कलाकार-तंत्रज्ञांना सेटवर मज्जाव होता. हेतू काळजीचा होता. पण मालिकेतले आजी-आजोबा, मास्तर, न्यायाधीश उभे करणाऱ्या ज्येष्ठ कलावंतांसाठी तो पोटावर आणि मनावर एकाच वेळी पडलेला घाव होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली. काम हे या मंडळींचं उत्पन्न होतं, तसंच ते त्यांचं रोजचं बोलणं-चालणं आणि ओळखही होतं. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, पुन्हा बंदी आली आणि मराठी मालिकांची युनिट्स गोव्याला, सिल्व्हासाला पळाली. मेमध्ये गोव्यानेही दार लावलं. घरच्यांना महामारीत मागे ठेवून, परक्या गावी हॉटेलात डांबून घेऊन रोज हसण्या-रडण्याचे सीन करणं म्हणजे काय, हे त्या युनिटमधल्या कोणालाही विचारावं.

‘कळवतो’ आणि गुरुवारचा निकाल

बँकेत नोकरीसाठी माणूस आयुष्यात पाच-सात मुलाखती देतो. वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये धडपडणारा नट तितक्या ऑडिशन एका आठवड्यात देतो. बहुतेकांचं उत्तर एकच: ‘कळवतो.’ आणि कळवत कोणी नाही. नाकारलं जाण्यापेक्षा हे अधांतरी लटकणं मनाला जास्त कुरतडतं, कारण त्यातून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही. उंची कमी पडली, रंग, वय, आवाज, की निव्वळ दुसऱ्या कोणाची ओळख? नकाराचं कारण कळलं नाही की माणूस ते स्वतःच्या अंगात शोधू लागतो.

मग लोक थांबत का नाहीत? याचं उत्तर वर्तनशास्त्राने फार पूर्वी दिलं आहे. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं की बक्षीस दर वेळी मिळण्याऐवजी अनियमितपणे, अवचित मिळालं तर सवय सर्वांत घट्ट होते. मटक्याचा आकडा लावणाऱ्याचं जे होतं तेच स्ट्रगलरचं होतं. सहा महिन्यांतून एकदा जाहिरात मिळते, एखादा छोटा रोल मिळतो आणि त्या एका होकारावर आणखी वर्षभर तग धरला जातो. यात मूर्खपणा नाही, मेंदूची ती रीतच आहे. पण गावाकडे वयाची तिशी, लग्न, शेतीचे प्रश्न पुढे सरकत असतात आणि ‘अजून काही झालं नाही का रे?’ हा काकांचा प्रश्न प्रत्येक गणपतीत वाट पाहत असतो.

काम मिळालं तरी पारख संपत नाही. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्या दिवशी सेटवरची हवा आकड्यांवर ठरते. आकडा पडला तर एखाद्या पात्राला परदेशी पाठवतात, अपघातात मारतात. कलाकाराला हे कधी कधी कागद हातात आल्यावर कळतं. वर इन्स्टाग्राम. प्रेक्षक पात्राचा राग माणसावर काढतात. खलनायिकेला शिव्याशाप, नायिकेच्या वजनावर शेरे. पूर्वीही प्रेक्षक खलनायकाला रस्त्यात ऐकवायचे. पण तो रस्ता संपायचा. आता तो खिशातल्या फोनमध्ये रात्रभर चालू राहतो.

शरीराला अभिनय कळत नाही

दिलीपकुमारांचा प्रश्न आजही आहेच. दुःखाचा अभिनय करताना नट श्वास बदलतो, स्नायू आवळतो, जुन्या जखमा उकरतो. शरीराच्या दृष्टीने हा ताण बराचसा खराच असतो. हृदयाचे ठोके वाढतात, घसा दाटतो. एका नाटकात हे तीन तासांत एकदा घडतं आणि टाळ्यांनी संपतं. मालिकेत छळ सोसणारी सून तीन-चार वर्षं, रोज, वेगवेगळ्या अँगलने रडत असते: आधी मास्टर, मग क्लोज, मग समोरच्याच्या क्लोजसाठी पुन्हा. टाळी नाही, शेवट नाही, लगेच पुढचा सीन.

म्हणून जगभरच्या नाट्यप्रशिक्षणात भूमिकेत शिरण्याइतकंच भूमिकेतून बाहेर येणंही शिकवलं जाऊ लागलं आहे. उपाय अगदी साधे असतात: अवघड सीननंतर दहा मिनिटं शांत वेळ, वेष उतरवताना मुद्दाम सावकाश घेणं, सहकलाकाराशी पात्राच्या नावाने न बोलता त्याच्या खऱ्या नावाने बोलणं, पाणी, चालणं, दीर्घ श्वास. शारीरिक जवळिकीच्या दृश्यांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर नेमण्याची पद्धत भारतातही अलीकडे सुरू झाली आहे. कुठे हात लागेल, किती वेळ, सेटवर कोण असेल, हे आधीच ठरलं की त्या दृश्याची धास्ती निम्मी होते. इथेही करासेकचं सूत्र: नियंत्रण थोडं परत दिलं की ताण उतरतो.

पाणी न पिणाऱ्या बायका

आपल्याकडे या विषयावरचा सर्वांत सविस्तर सरकारी दस्तऐवज केरळमधून आला. २०१७ साली एका मल्याळम अभिनेत्रीवर अत्याचार झाला. त्यानंतर ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ उभी राहिली आणि तिच्या मागणीवरून न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला १९ ऑगस्ट २०२४ उजाडला, तोही काही भाग वगळून.

अहवालातल्या लैंगिक शोषणाच्या आरोपांवर भरपूर बातम्या झाल्या. त्यातलं एक साधं निरीक्षण मात्र विसरून चालणार नाही: सेटवर स्वच्छतागृह नसतं म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात. कपडे बदलायला आडोसा नाही. तक्रार केली तर काम जाईल, कारण मूठभर लोक काम कोणाला मिळणार हे ठरवतात. ज्या सेटवर स्वच्छतागृह मागायचीही भीती वाटते, तिथे ‘मला नैराश्य आलंय’ असं कोण सांगेल? आपलं म्हणणं मांडलं तर शिक्षा होणार नाही, हा भरवसा मानसिक आरोग्याचा पाया असतो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा फिल्म युनिटलाही लागू होतो. तक्रार समितीत कोण आहे हे शूटिंगच्या पहिल्या दिवशी जाहीर करायला काही खर्च येत नाही.

मराठीपुरतं बोलायचं तर हे सारं आपल्याला हंसा वाडकरांनी कधीच सांगून ठेवलं आहे. १९७० साली आलेलं त्यांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन म्हणजे प्रसिद्धीच्या शिखरावरच्या नटीचं एकाकीपण, घरच्यांकडून आणि पुरुषांकडून झालेला वापर आणि दारू यांचा निर्भीड जबाब आहे. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला. आपण दोन्हींचं कौतुक केलं. त्या जबाबात दिसणारी कामाची रचना मात्र तशीच राहू दिली.

बातमी देताना

जून २०२० मध्ये सुशांत सिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जे केलं ते अनेकांना आठवत असेल. एका माणसाच्या मनाची चिरफाड महिनोन्‌महिने चालली, औषधांच्या चिठ्ठ्या पडद्यावर झळकल्या. त्याचा परिणाम असा की आधीच घाबरलेले अनेक कलाकार मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला आणखी कचरू लागले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कलादिग्दर्शक नितीन देसाई गेले, तेव्हाही काही तासांत एक कारण चिकटवून लोक मोकळे झाले.

आत्महत्येला कधीच एक कारण नसतं. आजार, परिस्थिती, एकटेपण आणि मदतीचा अभाव असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. म्हणूनच प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली: पद्धतीचं वर्णन नको, बातमी भडक नको, मदतीचा क्रमांक द्या. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तवाहिन्यांच्या समांतर खटल्यांवर कडक ताशेरे ओढताना या तत्त्वांची आठवण करून दिली. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर सांगतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरावं. तिला शिक्षा न करता उपचार आणि पुनर्वसन मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

याउलट चांगलं उदाहरण पाहायचं तर मराठी सिनेमाच पाहावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४ मध्ये स्किझोफ्रेनियावर ‘देवराई’ केला आणि पुढे नैराश्यावर ‘कासव’. ‘कासव’ला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्याच्या निर्मात्यांपैकी एक डॉ. मोहन आगाशे, म्हणजे नट आणि मानसोपचारतज्ज्ञ एकाच देहात. पडद्यावर हा विषय इतक्या समजुतीने हाताळणाऱ्या भाषेत सेटवर तो बोलता येऊ नये, हे चमत्कारिकच.

ओळखायचं कसं, करायचं काय

थकवा, बर्नआउट आणि नैराश्य यांची सरमिसळ होते. शूटिंग आटोपून चार दिवस झोपल्यावर जो उतरतो तो थकवा. कामाचा उबग, सगळ्यांविषयी कडवटपणा आणि ‘मला काही जमत नाही’ ही भावना कामाशी जोडलेली राहते, तेव्हा तो बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार न म्हणता कामामुळे उद्भवणारी अवस्था म्हणते. उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे किंवा अधिक, दिवसातला बराच वेळ टिकलं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, अपराधी वाटू लागलं, जगणं नकोसं झालं, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. सेटवर ते वेगळ्या रूपात दिसतं: एरवी एका वाचनात संवाद पाठ करणारा अडखळू लागतो, शांत असिस्टंट खेकसू लागतो, कोणी जेवणाच्या सुट्टीत एकटाच गाडीत बसतो, फोन उचलेनासा होतो.

अशा वेळी सहकाऱ्याने फार काही करायचं नसतं. ‘तू ठीक आहेस का?’ असं एकांतात विचारायचं आणि ऐकून घ्यायचं. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं निघालं तर घाबरून विषय बदलायचा नाही. थेट विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. मग एकटं न सोडता मदतीपर्यंत पोहोचवायचं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दर शंभरांत साधारण दहा-अकरा प्रौढांना उपचाराची गरज असलेला मानसिक आजार आहे आणि त्यातल्या बहुतांश लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं, असं २०१७ चा कायदा सांगतो. पॉलिसी घेताना हे आवर्जून तपासावं.

पण क्रमांक भिंतीवर चिकटवून निर्मात्याची जबाबदारी संपत नाही. दिवसा बारा तास राबवून रात्री समुपदेशन देणं म्हणजे छत गळत असताना बादली बदलत राहणं. खरे उपाय कॉलशीटमध्ये आणि करारात आहेत. एका पॅकअपपासून पुढच्या कॉलपर्यंत किमान अकरा-बारा तास, आठवड्याची एक सुट्टी, रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडणारी गाडी, वेळेवर मिळणारा कागद, तीस दिवसांत पैसे, स्वच्छतागृह आणि तक्रार ऐकणारा एक नेमलेला माणूस. यांपैकी एकाही गोष्टीला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

कायद्याचा आधारही अगदीच नाही असं नाही. सिने कामगारांसाठी लेखी करार बंधनकारक करणारा कायदा १९८१ पासून होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने तो आपल्यात सामावून घेतला आणि मालिका, वेब सिरीज, जाहिराती, रिअॅलिटी शोमध्ये राबणाऱ्यांनाही व्याख्येत आणलं. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. कागदावर सही न करता ‘तुला सांगतो ना, मिळतील पैसे’ या भरवशावर चालणाऱ्या धंद्यात करार हे ताण कमी करणारं औषधच आहे. कधी काम संपेल आणि कधी पैसे येतील हे ठरलेलं असलं की रात्रीची झोप लागते.

निर्माते म्हणतात, एवढे नियम पाळले तर बजेट कोसळेल. हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडून पाहावा. थकलेल्या युनिटचे वाढलेले रिटेक, आजारपणाने रद्द झालेले दिवस, अर्ध्यात सोडून गेलेले अनुभवी तंत्रज्ञ आणि त्यांच्या जागी दर वेळी नव्याने शिकवायचे नवखे लोक, हा खर्चही बजेटमध्येच बसलेला असतो, फक्त त्याचं वेगळं खातं नसतं. ते खातं उघडून पाहणारा पहिला निर्माता कदाचित दयेपोटी नाही, नफ्यासाठी दहा तासांची शिफ्ट लावेल. चालेल. लाइटमनला झोप मिळण्याशी मतलब.